आण्णांच्या डावीकडची मोकळी जागा

मानसिंगआण्णा गेले ते आदिनाथच्या फोटोमुळे. सतरा नोव्हेंबर, सकाळी साडेसात, जेऊर, स्टेशन रोड.

हे वाक्य आता विसरून जा. आण्णा गेलेले नाहीत. ते कधी गेलेच नव्हते, त्या दिवशी दुकानं बंद नव्हती, शोकसभा झाली नाही आणि न झालेल्या शोकसभेत कोण काय बोललं हा प्रश्नच येत नाही. जेऊरमध्ये कुणालाही विचारा. तो आधी मागे वळून बघेल आणि म्हणेल, "मला काय म्हाईत? मी तर त्या दिवशी कुर्डुवाडीला गेलतो." सगळं गाव त्या दिवशी कुर्डुवाडीला गेलं होतं. कुर्डुवाडीत कुणी कुणाला बघितलं नाही, पण ते सोडा.

जे झालं असं सगळ्यांना मान्य आहे, तिथून सुरुवात करू. आदिनाथ फोटोग्राफीच्या कार्यशाळेला सोलापूरला गेला.

जायची तशी गरज नव्हती. अकरा वर्षं तो लग्नं, बारशी, जावळ आणि पासपोर्ट साइज काढत होता आणि अकरा वर्षांत त्याच्या फोटोतून एकाही माणसाचं डोकं कापलं गेलं नव्हतं. पण त्याचा स्टुडिओ मानसिंगआण्णांच्या इमारतीत होता. सहा गाळे, त्यातला तिसरा. आण्णांकडे पद कुठलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना पदावरून काढायचीही कुणाला सोय नव्हती. गाळा कुणाकडे ठेवायचा हे आण्णा दरवर्षी आपल्या वाढदिवसानंतर तोंडी सांगत. कागद नसे. कागद मागणाऱ्याचा गाळा नसे. आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा आण्णांचा फोटो सहा वर्षं आदिनाथच काढत होता: हात जोडलेले, गॉगल कपाळावर, मागे उगवता सूर्य.

यंदा दिवाळीआधीच आण्णा गाळ्यापुढे गाडी थांबवून म्हणाले, "आद्या, त्या टेंभुर्णीच्या पोरानं ड्रोन घेतलाय म्हणं."

"व्हय आण्णा, घेतलाय."

"मग तू कायतरी नवं दाव की औंदा. न्हायतर..."

आणि गाडी निघून गेली. आण्णांची वाक्यं अर्धी राहिली की गावात कुणाचा ना कुणाचा गाळा रिकामा होत असे. त्या रात्री आदिनाथ जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला मोबाइलवर जाहिरात दिसली: 'नजर घडवा. दोन दिवसांत. सोलापूर.'

"ड्रोन घ्यायचं सोडून नजर कशाला घडवताय?" त्याची बायको रेश्मा म्हणाली. गाळ्यातलं काउंटर तीच सांभाळायची. "हाय ती नजर काय वाईट हाय? शेजारच्या कुंपणातला साप दिसतो की तुमाला."

पण शनिवारी सकाळच्या गाडीने आदिनाथ सोलापुरात उतरला.

कार्यशाळा सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. पहिल्या दिवसाचा विषय 'नैसर्गिक प्रकाश' असल्याने सगळे पडदे पिना लावून बंद केले होते. नाहीतर प्रोजेक्टरवर काही दिसत नव्हतं. शिकवायला पुण्याहून प्रभु सर आले होते. ते आडनाव लावत नसत. कलेला आडनाव नसतं, असं त्यांचं मत होतं. कार्यशाळेच्या पावतीवर मात्र आडनाव होतं, सहीही होती.

बावीस जण आले होते. पुढच्या रांगेत एक दातांचे डॉक्टर होते, ज्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स कोपरापर्यंतच्या हाताएवढी होती आणि तिच्यातून त्यांनी आजवर फक्त आपल्या गच्चीवरच्या साळुंक्या काढल्या होत्या. एक बँकेचे मॅनेजर होते, त्यांनी कॅमेरा पिशवीतून दोन दिवस बाहेरच काढला नाही. धूळ बसते म्हणून. उरलेले इंजिनिअरिंगची पोरं. फोटो काढून पोट भरणारा हॉलमध्ये एकटा आदिनाथ होता, आणि हॉलभर हसू झालं ते त्याच्याच कॅमेऱ्याचं.

प्रभु सरांनी प्रत्येकाचे फोटो पडद्यावर लावले. आदिनाथचे आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. वाईट बातमी सांगताना डॉक्टर काढतात तसा.

"हे सगळे कॅमेऱ्याकडे का बघतायत?"

"मी सांगतो तसं, सर. 'हिकडं बघा' म्हणून."

"का? यांना काय कॅमेरा विकत घ्यायचाय?"

डॉक्टर सगळ्यात मोठ्याने हसले. दात चांगले होते.

"माणूस कॅमेऱ्याकडे बघतो तेव्हा तो खोटा होतो," सर म्हणाले. "तो विसरेल तोपर्यंत थांबायचं. रंग हा गोंगाट आहे. हसू ही लाच आहे. आणि ही गर्दी काय लावली आहेस चौकटीत? मोकळी जागा ठेव. निगेटिव्ह स्पेस. रिकाम्या जागेला बोलू दे."

आदिनाथने वहीत लिहिलं: रिकामी जागा बोलते. जेऊरमध्ये रिकामी जागा दिसली की तिच्यावर कुणीतरी टपरी टाकतं, हे त्याच्या मनात आलं, पण त्याने ते लिहिलं नाही.

रविवारी सकाळी सगळ्यांना सिद्धेश्वर तळ्याकाठी नेलं. तिथे अक्कलकोटकडची निंगव्वा नावाची म्हातारी टोपलीत कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन बसली होती. प्रभु सरांना सुरकुत्या फार आवडत. त्यांच्या मोबाइलमध्ये इतक्या सुरकुत्या होत्या की स्क्रीनसुद्धा जुनी वाटायची. निंगव्वाला बघितल्यावर त्यांनी आवाज उतरवला आणि हाताने खूण केली. बावीस जणांनी तिला घेरलं. कुणी गुडघ्यावर, कुणी पोटावर. डॉक्टर लांब लेन्समुळे इतके मागे गेले की रस्त्यापलीकडे पोचले आणि तिथून ओरडून विचारू लागले, "म्हातारी दिसतेय का?"

निंगव्वाने वर बघितलं. "याक? रोट्टी बेकेनु?" मग यांना कानडी येत नाही हे ओळखून म्हणाली, "भाकरी पायजे काय?"

"आजी, आमच्याकडे बघू नका. आम्ही इथे नाही असं समजा," सर म्हणाले.

"न्हाई म्हंजे? मग हे बावीस टोणगे कुणाचे?"

सगळ्यांनी मिळून तिचे सहाशे फोटो काढले आणि एकही भाकरी घेतली नाही. आदिनाथला राहवलं नाही. त्याने सवयीने पुढे होऊन तिचा पदर सारखा केला आणि म्हणाला, "आजी, हितं बघा. हसा जरा." म्हातारी झकास हसली. दोन दातांत सगळं तळं उजळलं.

"झालं!" सर ओरडले. "क्षण मारलास तू!"

सगळे कॅमेरे खाली आले. सगळी तोंडं आदिनाथकडे वळली. तो इतका दचकला की बोट दाबलं गेलं. फोटो निघाला. त्यात निंगव्वाचा अर्धा कान होता आणि बाकी सगळं पाणी.

दुपारी तो फोटो पडद्यावर आला. प्रभु सरांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग ते हळूच म्हणाले, "इथे तू पहिल्यांदा थांबलास." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मॅनेजरनी तर उभं राहून वाजवल्या, कारण त्यांना लवकर निघायचं होतं.

अकरा वर्षांत आदिनाथसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. लग्नात त्याच्या अंगावर अक्षता पडायच्या, पण त्या नेम चुकल्यामुळे. तिथेच तो संपला. माणसाला दारूचं व्यसन लागायला वर्ष लागतं. कौतुकाचं लागायला एक दुपार पुरते.

जेऊरला परत आलेला आदिनाथ वेगळाच होता. गिऱ्हाइकांकडे तो आता कीव आल्यासारखा बघायचा. पोलीस भरतीचा फॉर्म भरणाऱ्या एका पोराला त्याने खिडकीकडे तोंड करून वीस मिनिटं बसवलं आणि मानेचा फोटो दिला. तानाबाई निराधार योजनेच्या अर्जासाठी फोटो काढायला आली, तर त्याने तिच्या हाताचा काढला. "आयुष्य हातात असतं, मावशी." तानाबाईने तो हात अर्जावर चिकटवून तहसीलला दिला. साहेबांनी अर्ज परत पाठवला. शेरा होता, 'अर्जदाराने उर्वरित भाग सादर करावा.'

"काय चाललंय तुमचं?" रेश्मा म्हणाली. "ती बिचारी जीपचं भाडं भरून तालुक्याला जाऊन आली. चेहरा काढायचा सोडून हात काय काढताय?"

"चेहरा खोटा असतो, रेश्मा."

"आनि गाळा? गाळा खरा हाय न्हवं? आण्णांच्या फोटोत असलं कायतरी केलंत ना, तर मी सांगून ठेवते..."

तिचंही वाक्य अर्धं राहिलं, पण आदिनाथला त्या अर्ध्या वाक्याची भीती वाटली नाही. ती चूक होती.

आण्णांचा फोटो काढायला तो त्यांच्या शेतावरच्या घरी गेला. आण्णा तयार होते: कडक इस्त्री, गॉगल कपाळावर, हात जोडलेले. आदिनाथ कॅमेरा मांडीवर घेऊन समोर बसून राहिला. आण्णांनी एक तास हात जोडून ठेवले.

"आद्या, काड की लेका."

"तुमी विसरायची वाट बघतोय, आण्णा."

"काय विसरायची?"

"तुमी आण्णा हाय हे."

आण्णा तीस वर्षांत ते एकदाही विसरले नव्हते. पण तिसऱ्या तासाला लाइट गेली, विहिरीवरची मोटर बंद पडली, आणि उसाला अर्ध्या सरीत पाणी तुटलेलं बघायला आण्णांनी मान वळवली. गॉगल घसरला. त्या एका क्षणाला त्यांच्या चेहऱ्यावर जगातल्या सगळ्या लोडशेडिंगचं दुःख होतं. आदिनाथने बटण दाबलं. फोटोत आण्णा अगदी उजव्या कडेला, अर्धे, वर कुठेतरी बघत, आणि डावीकडे सगळं मोकळं आभाळ. घरी आल्यावर त्याने रंग काढून टाकला.

"दाव की," आण्णा म्हणाले होते.

"सरप्राइज राहू द्या, आण्णा."

"बरं. मी वाढदिवसाला पहाटं तुळजापूरला जाऊन येतो. मोबाइल बंद ठेवतो दर्शनात. आल्यावर बघतो काय दिवे लावलेत ते."

वाढदिवसाच्या आदल्या रात्री फ्लेक्स छापायला आदिनाथ भीमाकडे गेला. भीमाच्या कॉम्प्युटरमध्ये दोनच नमुने होते. एकात सिंह, तलवार, उगवता सूर्य आणि शुभेच्छुकांची चाळीस डोकी, हा वाढदिवसाचा. दुसऱ्यात पांढरी जागा, पणती आणि काळा-पांढरा फोटो. तो कशाचा, हे जेऊरमध्ये जन्मलेल्या कुत्र्यालाही कळतं.

भीमाने फोटो बघितला आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला. "कदी झालं रं?"

"काय कदी?"

"आण्णा."

"अरं वाढदिवस हाय त्यांचा!"

"मग हे असं वर कुटं बघत्यात? बोलावणं आल्यागत?"

"तुला न्हाय कळायचं. डावीकडं मोकळी जागा ठेव. सिंह न्हाय, डोकी न्हाय, शुभेच्छा न्हाय. फक्त नाव आणि तारीख."

"कसली तारीख?"

"जन्माची. आणि पुढं उद्याची."

"पुढं उद्याची कशाला?"

"वाढदिवस उद्या हाय म्हणून."

भीमाने मान खाजवली. "गड्या, दोन तारखा, मधी एक रेघ, काळा-पांढरा फोटो. मी पंधरा वर्षं छापतोय. दोन तारखांचा मानूस परत आलेला मी बघितला न्हाय."

"रिकामी जागा बोलते, भीमा."

"व्हय, बोलंल की. सकाळी बोलंल."

सकाळी बोलली. पावणेसातला फ्लेक्स लागला. सातला चहावाल्याने बघितला आणि शटर अर्धं खाली घेतलं. जेऊरमध्ये शटरांचं असं आहे की एक अर्धं खाली आलं तर शेजारचं विचारत नाही का. तेही खाली येतं. साडेसातला स्टेशन रोड बंद. शाळेने पोरं सोडली. पोरांनी सगळ्यात जास्त दुःख केलं, कारण गणिताचा पेपर होता. कुणीतरी आण्णांना फोन लावला; बंद. ही तर खात्रीच झाली. वाढदिवसासाठी सांगितलेलं बँडपथक आलं होतं, त्याला परत पाठवायच्या ऐवजी कुणीतरी हळू वाजवायला सांगितलं. नऊला शोकसभा भरली. आण्णांच्या घरी कळवायचं राहिलं, कारण घरी कळवायचं काम गावात नेहमी आण्णाच करायचे.

आदिनाथ गर्दीत मागे उभा होता. हे सगळे आपला फोटो बघायला जमले आहेत, असं त्याला पहिली दहा मिनिटं वाटलं. लोक फ्लेक्सकडे बघून रडत होते. टाळ्यांपेक्षा हे मोठं होतं. मग कुणीतरी माइकवर म्हणालं, "कैलासवासी मानसिंगआण्णा," आणि त्याने फ्लेक्सवरच्या दोन तारखा पहिल्यांदा नीट वाचल्या.

तेवढ्यात आण्णांची गाडी आली.

बंद दुकानं, पांढऱ्या टोप्या, हळू बँड. आण्णांनी तीस वर्षांत एकही शोकसभा चुकवलेली नव्हती. कुणीतरी मोठं गेलंय हे त्यांनी ओळखलं, गाडीतून उतरले, गॉगल काढला, मान खाली घातली आणि सरळ माइकवर गेले. कोण गेलं हे विचारणं बरं दिसत नाही; ते भाषणात आपोआप कळतं. आणि आण्णा बोलायला उभे राहिले की त्यांना थांबवायची जेऊरमध्ये पद्धत नाही, मग ते मयत का असेनात.

"जाणारा जातो," आण्णा म्हणाले. "पन असा मानूस पुन्हा होनार न्हाय. कालच माझं त्यांच्याशी बोलनं झालं होतं. मला म्हनाले, आण्णा, गावासाठी कायतरी करायचं राहिलं. त्यांचे माझे मतभेद होते, न्हाय म्हनत न्हाय. पन मानूस दिलदार. त्यांची जागा भरून निघनार न्हाय. आपन दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू."

सगळे उभे राहिले. बायकांनी पदर तोंडात कोंबले. दोन मिनिटं झाली की 'शांती' म्हणायचं काम आण्णांचं, आणि आण्णांनी तेवढ्यात मान वर करून फ्लेक्स बघितला. त्यामुळे 'शांती' कुणी म्हणालं नाही. गाव अकरा मिनिटं उभं होतं. पुण्याकडची गाडी आली आणि गेली.

शेवटी आण्णा माइकमध्येच म्हणाले, "आद्या."

"जी आण्णा."

"मी मेलोय का रं?"

"न्हाय आण्णा. ती निगेटिव्ह स्पेस हाय."

आण्णांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. कोण आलंय, कोण नाही आलं, कोण रडत नाहीये, हे त्यांनी त्या एका नजरेत मोजून घेतलं. मग म्हणाले, "हे झालेलं न्हाय." आणि त्याच मिनिटापासून ते झालेलं नाही.

आदिनाथला त्यांनी गाळ्यात येऊन वेगळं सांगितलं. "उद्या फोटो. रंगीत. हसताना. तुज्याकडं बघताना. मागं सूर्य. न्हाय जमलं तर संध्याकाळी गाळ्याची किल्ली दे." या वेळी वाक्य पूर्ण होतं.

सकाळी आण्णा गाळ्यात येऊन हात जोडून बसले. आदिनाथने कॅमेरा डोळ्याला लावला. आण्णा हसले. आदिनाथचं बोट बटणावर होतं आणि बटण दाबलं जाईना. आण्णा हसले की ते खोटे दिसत. आण्णांनी हसायचं थांबवून शिंक दिली. बोट दाबलं गेलं. आण्णा पुन्हा हसले, बोट लाकूड. त्यांनी दारातल्या शेळीला शिवी घातली; फोटो. घाम पुसला, फोटो. जांभई, फोटो. बारा वाजेपर्यंत आण्णांचे सेहेचाळीस फोटो निघाले, आणि त्यातल्या एकाही फोटोतले आण्णा पुन्हा दुपारचं जेवतील असं वाटत नव्हतं.

"आण्णा, हितं बघा," काउंटरमागून रेश्मा म्हणाली. तिच्या हातात मोबाइल होता. "दात दिसू द्या जरा. हां."

एकच फोटो. आण्णा हसत होते, हात जोडलेले, थेट बघत. सूर्य भीमाने मागाहून चिकटवला.

आण्णांनी तो बराच वेळ न्याहाळला. "हितं मी जित्ता हाय," ते म्हणाले. "गाळा सूनबाईंच्या नावावर. तोंडी."

तिसऱ्या गाळ्यावर आता 'रेश्मा फोटो' असा बोर्ड आहे. गिऱ्हाईक वाढलंय. आदिनाथ काउंटरमागे लॅमिनेशनच्या मशीनजवळ बसतो. रेश्मा त्याला कॅमेऱ्याला हात लावू देत नाही. पोलीस भरतीची पोरं आली की ती त्याला म्हणते, "तुमी जरा भाईर बसा, पोरांची नोकरी हाय." बोर्ड लागल्यावर चौथ्या दिवशी त्याने मशीनजवळचा एक कोरा कागद घेतला, समास सोडला आणि पुण्याला अर्ज लिहिला.

प्रति,
मा. संचालक,
'नजर घडवा' कार्यशाळा, पुणे.

विषय : शिकवलेले परत घेणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे कळवितो की, अर्जदाराने आपल्या कार्यशाळेत दोन दिवस पूर्णवेळ उपस्थित राहून दिलेले सर्व ज्ञान ग्रहण केले आहे. सदर ज्ञान अर्जदाराच्या गावी चालत नाही. समोरचा माणूस हसला असता अर्जदाराचे बोट चालत नाही, याची खात्री सोबत जोडलेल्या सेहेचाळीस प्रतींवरून करून घ्यावी. अर्जदारास दोन अपत्ये असून उपजीविकेचे दुसरे साधन नाही.

सबब, आपण शिकविलेले सर्व ज्ञान मुद्देनिहाय परत घेऊन, अर्जदाराची नजर व उजव्या हाताची तर्जनी कार्यशाळेपूर्वी होती त्या स्थितीत हा अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांचे आत पूर्ववत करून द्यावी, ही नम्र विनंती.